शिवेवरचा खडा

माझ्या नणंदेच्या सासूबाईंना अख्खी पृथ्वी तोंडपाठ आहे. यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. माणदेशातल्या एका हायस्कुलात त्यांनी सगळा जन्म भूगोल शिकवला, आणि तो असा शिकवला की त्यांचे विद्यार्थी आज स्वतः आजोबा व्हायला आले तरी झोपेत ऱ्हाईनच्या उपनद्या बडबडतात म्हणे. नद्या, घाट, वारे, समुद्रातले प्रवाह, कुठे काय पिकतं, कुठे काय खणून काढतात, सगळं जिभेवर. अडचण एवढीच होती, की निवृत्त होईपर्यंत बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पृथ्वी पुण्यापाशी संपत होती. एकदा शाळेची सहल रत्नागिरीला न्यायचं ठरलं, तर नेमका त्या वर्षी मुलांना गोवर आला आणि समुद्र राहिला तो राहिलाच.

आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. त्यांचा मुलगाही म्हणतो. तो शाळेत त्यांच्याच वर्गात होता. पहिल्या दिवशी त्याने भर वर्गात ‘आई’ अशी हाक मारली, तर त्यांनी त्याला तासभर अंगठे धरून उभं केलं, तेव्हापासून त्याने परत तो धोका पत्करलेला नाही. आज तो जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो, हाताखाली पंधरा-वीस जर्मन इंजिनिअर आहेत, पण बाईंनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं की त्याचे हात आपोआप गुडघ्यांकडे जातात.

आता हा मुलगा आणि माझी नणंद (तिला तोंडावर मी नावाने हाक मारते आणि मागे ‘वन्सं’ म्हणते, कारण तो शब्द तिला अजिबात आवडत नाही), ही दोघं स्टुटगार्टच्या आसपास घर शोधून शोधून इतकी टेकीला आली, की शेवटी त्यांनी पार वर, श्वेबिश आल्बच्या पठारावर, एका वस्तीत जुनं शेतघर घेतलं. वस्ती म्हणजे तरी काय! दहा-बारा घरं, एक छोटं चॅपेल, सगळ्यांनी मिळून पाव भाजायची एक दगडी भट्टी, एक हिरवट तळं आणि एक खानावळ, जी कधी बंद पडली हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. वस्तीला नाव आहे, पण ते उच्चारताना माझी जीभ मध्येच कुठेतरी अडकते, म्हणून ते इथे लिहीत नाही. बस दिवसातून मोजक्या वेळा येते, तीही आधी फोन करून बोलवावी लागते. अशा ठिकाणी हे लोक आपल्या छोट्या लेकीला घेऊन राहायला गेले, आणि मग नियम बदलला, आईवडिलांना आणायची सोय झाली, तेव्हा त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

बाई निघाल्या त्या मनात ऱ्हाईन घेऊन. रूरचा कोळसा, हॅम्बुर्गचं बंदर, काळं जंगल, सगळं सगळं बघायचं होतं त्यांना. मी स्टुटगार्टलाच राहते, म्हणून विमानतळावर त्यांना घ्यायला मीही गेले होते. गाडी वळणं घेत पठारावर चढली, धुकं आलं, गाई आल्या, शेणाचा वास आला. गाडी थांबली. बाई उतरल्या, पदर खोचला, चारी दिशांना नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, “अरे, मी वाडीतून निघाले ती वाडीतच आले की रे!”

पहिले काही दिवस त्या चक्क रुसल्या होत्या. “ऱ्हाईन कधी दाखवणार?” हा एकच प्रश्न. मुलगा म्हणायचा, “बाई, येत्या शनिवारी.” शनिवारी कधी गवत कापायचं निघायचं, कधी छत गळायचं. बाई खिडकीत बसून समोरच्या तळ्याकडे रागाने बघत बसायच्या. मी फोन केला की म्हणायच्या, “काय सांगू तुला, मी जन्मभर ज्या देशाचे नकाशे काढून घेतले मुलांकडून, तो हा देशच नव्हे.”

मग एक दिवस त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी समोरच्या म्हातारीला गाठलं. ही समोरच्या घरात एकटी राहते. नवरा गेला, मुलं म्युनिककडे. उंच, हाडापेराने दणकट, डोक्याला रुमाल, आणि बोलणं असं की तीन शब्दांत काम होत असेल तर चौथा खर्च करायचा नाही. बाईंनी तिला पहिल्याच भेटीत ‘आक्का’ करून टाकलं आणि मराठीतून विचारलं, “आक्का, नदी कुठाय हो तुमच्याकडे?” हाताने नागमोडी करून दाखवलं. आक्काने मान हलवली. नदी नाही. बाईंना वाटलं तिला कळलं नाही. परत नागमोडी. परत नाही. मग आक्का त्यांना तळ्यापाशी घेऊन गेली, आभाळाकडे बोट केलं, जमिनीकडे केलं, आणि मूठ उघडून रिकामी दाखवली.

त्या संध्याकाळी मला फोन आला तो बाईंचा आवाजच वेगळा. “अगं, दुष्काळी भाग आहे हा!” एखाद्याला लॉटरी लागावी तसं सांगत होत्या. सगळा चुनखडीचा दगड. पाऊस पडतो, बर्फ पडतो, आणि सगळं पाणी दगडाच्या भेगांतून खाली जातं. वर थेंब नाही. मुलाला दुभाष्या करून आक्काला विचारलं तर कळलं, नळ यायच्या आधी ही माणसं तळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी प्यायची, आणि तेही आटलं की बैलगाडीत पिंप घालून खालच्या दरीतून पाणी वर आणायची. “आमच्याकडे पाऊसच नाही म्हणून पाणी नाही. यांच्याकडे पाऊस असून पाणी नाही. पण बाईच्या डोक्यावरची घागर तीच की गं!” मग मेंढ्या दिसल्या. पाठोपाठ मेंढपाळ दिसला, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी टाकलेला. मग कळलं की इथे मसूर पिकतो. मसूर! बाईंनी आक्काकडून ओंजळभर मसूर आणून त्याची आमटी केली आणि तिला नेऊन दिली. आक्का सगळी प्यायली आणि म्हणाली, “गरम आहे.” हे कौतुक होतं की तक्रार, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर मात्र त्या वस्तीची खैर राहिली नाही. बाईंनी तिचा धडाच तयार केला. स्थान व सीमा, प्राकृतिक रचना, हवामान, पिके, लोकजीवन, आणि शेवटी इतिहास. आम्ही स्टुटगार्टची मराठी मंडळी शनिवार-रविवारी हवा खायला वर जायचो, तर दारातच तोंडी परीक्षा. मी एकदा ऑक्टोबरात पातळ जॅकेट घालून गेले. शहरातून निघताना जे घातलेलं असतं त्यावर तिथे आणखी एक कोट चढवावा लागतो, हे मी विसरले होते. बाई दारात उभ्या. “कुडकुडतेस का?” “हो ना बाई.” “का कुडकुडतेस?” मला वाटलं आत बोलावतील, चहा देतील. कुठलं काय! “उंचीचा हवामानावर होणारा परिणाम सांग, मग आत ये.” मी, दोन पोरांची आई, सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळणारी बाई, उंबऱ्याबाहेर दात वाजवत परिणाम सांगत होते आणि माझा नवरा गाडीच्या आडोशाला लपून हसत होता. मग त्यालाही बोलावलं. त्याला पिके विचारली. त्याने ऊस सांगितला.

इतिहास त्यांनी आक्काकडून काढून घेतला, आणि आक्काकडून काही काढून घेणं म्हणजे त्या चुनखडीतून पाणी काढण्याइतकं सोपं. पण बाई रोज जायच्या. पावाच्या भट्टीचा दिवस असला की आक्काच्या मागोमाग सरपण घेऊन जायच्या आणि पाव निघाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत वांगी सारायच्या. तिथे दोघींच्या गप्पा चालायच्या. बाईंचं जर्मन तिथेच तयार झालं, आणि म्हणून ते पुस्तकी जर्मन नसून अस्सल श्वेबिश, म्हणजे तिथली गावबोली, झालं. आम्ही इतकी वर्षं क्लास लावून, परीक्षा देऊन, ‘आल्झो’ (‘तर मग’), ‘गेनाऊ’ (‘अगदी बरोबर’) करत बोलतो ते इथल्या लोकांना परकंच वाटतं. बाई इथे राहण्याच्या परवान्याच्या कामासाठी कचेरीत गेल्या आणि नऊवारी नेसून असं काही गावरान बोलल्या, की खिडकीतला माणूस उठून उभाच राहिला. त्याची आजी असंच बोलायची म्हणे. माझी नणंद त्याच कचेरीत आठ वर्षं जातेय, तिला अजून कुणी बसा म्हटलेलं नाही.

तर कोण सगळ्यांत आधी वर आलं, तळ्यावरून कुणाचं कुणाशी वाकडं आलं, खालच्या दरीतून आगगाडी गेली आणि वस्ती कशी बाजूला पडली, लढाईवर गेलेल्यांतले कोण परत आलेच नाहीत, हे सगळं बाई मराठीतून सांगायच्या. ऐकणारा कंटाळला की खडू नसला तरी बोट रोखायच्या. आणि हे सगळं सांगून झालं, पाहुणे निघाले, की हमखास म्हणायच्या, “पण आता मी जाणार हं. यंदा दिवाळीला मी वाडीला.”

दिवाळी जायची. मग संक्रांतीला. मग पाडव्याला. पलंगाखाली त्यांची बॅग कायम भरलेली असायची. आम्हाला तो विनोद वाटायचा. एकदा मीच चिडवलं, “बाई, जाणार जाणार म्हणता, तिथे आहे तरी काय एवढं? म्हणजे बघा, स्थान व सीमा, पिके, लोकजीवन, सांगा ना आम्हाला एकदा.” बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, “पुस्तकात नाही ती. कधी शिकवलीच नाही मी.” आणि थोड्या वेळाने, “तिथे माझा खडा आहे.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरच्या वाडीच्या शिवेवर म्हसोबा आहे. देऊळबिऊळ काही नाही, शेंदूर फासलेला एक दगड, बोरीच्या झाडाखाली. वाडी सोडून लांब जाणारं माणूस शिवेवर थांबतं, पायाखालचा एक खडा उचलतं आणि म्हसोबाच्या पाठीमागे ठेवतं. परत आलं की आपल्या हाताने तो उचलून शेतात टाकायचा. जोवर खडा तिथे आहे तोवर माणूस वाडीचंच, कुठे का असेना. आणि म्हसोबाने त्याला परत आणायचं, ही त्याची जबाबदारी. बाई शिकायला गेल्या तेव्हा ठेवला होता, उचलला. लग्न होऊन गेल्या तेव्हा ठेवला, माहेरपणाला आल्यावर उचलला. जर्मनीला यायच्या आधी त्या मुद्दाम वाडीला जाऊन ठेवून आल्या होत्या, तांबूस, मध्ये पांढरी रेघ असलेला.

“एवढ्या खड्यांत आपला कसा ओळखायचा?” मी विचारलं.

“देवळाबाहेर तुझी चप्पल कशी ओळखतेस?”

“आणि तुमच्या मुलाचा?”

“त्याने पहिल्या खेपेला ठेवला होता. आला, उचलला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, बाई, राहू दे, उशीर होतोय, विमान चुकेल.” चहाचे कप उचलत त्या म्हणाल्या, “त्याचा नाहीये तिथे.”

आता तो शेंदराचा प्रकार सांगायलाच हवा, कारण आमच्यात अजून तो सांगून सांगून लोक हसतात. पहिला हिवाळा सरला, बर्फ वितळला, आणि बाई फिरायला निघाल्या. वस्ती जिथे संपते तिथे दोन शेतांच्या मध्ये, गवतात, त्यांना एक दगड दिसला. गुडघाभर उंच, डोकं गोलसर, अंगावर काहीतरी कोरलेलं. गाव म्हटलं की शीव आली, शीव म्हटली की म्हसोबा आला, आणि हा बिचारा किती वर्षं उघडाबोडका बसलाय! बाई घरी आल्या, डबीतला सगळा शेंदूर तेलात कालवला आणि म्हसोबाला यथासांग फासला. नारळ फोडला, खोबरं वाटलं. आक्कालाही एक तुकडा मिळाला.

तो दगड सरकारी हद्दीचा दगड होता. या देशात एक वेळ माणूस हलवलेला चालतो, पण हद्दीचा दगड नाही. आणि ज्यांच्या शेतांच्या मध्ये तो होता ते दोघे शेतकरी बापजाद्यांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. एकाने सकाळी भगभगीत केशरी दगड पाहिला आणि त्याला वाटलं दुसऱ्याने मोजणी मागवली. दुसऱ्याला वाटलं पहिल्याने मागवली. दोघांनीही कचेरीत फोन केले. आठवडाभरात मोजणीदार आला, दुर्बिणीचं तिकाटणं उभं राहिलं, वस्तीतली झाडून सगळी माणसं जमली, नेमकी मीही त्या दिवशी वर गेलेली. मोजणीदाराने दगडाला बोट लावलं, बोट केशरी झालं. “हे कुणी केलं?”

“मी,” बाई पुढे झाल्या.

मुलगा ऑफिस सोडून धावत आला होता. त्याने घाम पुसत भाषांतराला सुरुवात केली, पण बाईंनी त्याला हाताने गप्प केलं आणि मोजणीदाराला आपल्या श्वेबिशमध्ये म्हणाल्या, “देव आहे तो आमचा. पण ते राहू द्या. मला आधी सांगा, हा दगड किती जुना?”

बघा, तो माणूस जन्मभर दगड मोजत हिंडतोय आणि त्याला आजवर एकाही माणसाने दगड किती जुना हे विचारलं नव्हतं. तो खुलला. मोजणी बाजूला राहिली आणि त्याने व्याख्यानच सुरू केलं. पूर्वी इथे दगड पुरताना गावातली शपथ घेतलेली माणसं असायची. ती दगडाखाली, कुणाला दिसणार नाही असे, भाजलेल्या मातीचे किंवा दगडाचे छोटे तुकडे ठेवायची. ते कसे ठेवलेत ते फक्त त्यांनाच ठाऊक. त्या तुकड्यांना ‘साक्षीदार’ म्हणायचे. पुढे कुणी म्हणालं दगड हलवलाय, तर खणून बघायचं. साक्षीदार जागेवर असतील तर दगड जागेवर. या दगडाखालीही असणार.

बाईंनी माझा दंड असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होते. “बघितलंस? हेही खडा ठेवतात गं. हेही ठेवतात.” डोळ्यांतून घळाघळा पाणी. मोजणीदार घाबरला. त्याला वाटलं आपण दगडावरून फारच रागावलो. त्याने घाईघाईने सांगून टाकलं की दगड अगदी जागेवर आहे, एक बोटभरही हललेला नाही, आणि रंग लावायची परवानगी नसली तरी पावसाने जाईल तेव्हा जाईल. ते दोघे शेतकरी, दगड जागेवर असल्याचं कळून, जरा निराशच झाले. मग आक्काने सगळ्यांना बिअर दिली आणि ते नाइलाजाने एका बाकावर बसले.

पावसाने रंग जायला लागला तेव्हा बाईंकडे शेंदूर संपला होता. आक्का कोठारात गेली आणि एक जुनाट गंजका डबा घेऊन आली. लोखंडाला गंज चढू नये म्हणून पूर्वी ट्रॅक्टरला लावायचे तो मेनिगे नावाचा रंग. बाईंनी झाकण उघडलं आणि बघतच राहिल्या. शेंदूरच! मुलाने मागाहून शोधून सांगितलं की खरोखर दोन्ही एकच पदार्थ आहे, आणि विषारी आहे, हात धुवा. हात धुतले. पण त्या दिवसापासून आक्काचा ट्रॅक्टर आणि बाईंचा म्हसोबा एकाच डब्यातले झाले.

आणि बाई बदलल्या. त्यांनी स्वतः कधी कबूल केलं नसतं, पण मी पाहिलं. त्या उन्हाळ्यात मुलाने एकदाची त्यांना ऱ्हाईन दाखवली. आम्हीही बरोबर होतो, येताना हायडेलबर्ग करायचं होतं. बाई काठावर उभ्या राहिल्या. जिच्यासाठी एवढ्या मुलांना छड्या खाव्या लागल्या ती नदी समोर वाहत होती, मोठमोठी मालवाहू जहाजं जात होती. आम्ही श्वास रोखून वाट बघतोय, आता बाई काय म्हणतात. “बरीय,” बाई म्हणाल्या. “गढूळ आहे जरा.” हायडेलबर्गचा किल्ला त्यांनी गाडीतूनच पाहिला. परतताना गाडी पठारावर चढली, तळं दिसलं, तशा पाय लांब करून म्हणाल्या, “आलो बाई घरी.” मग एकदम सावरून बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “यंदा दिवाळीला मात्र मी जाणारच हं.”

दिवाळी गेली. दुसरा हिवाळाही गेला. फाल्गुनात बाईंच्या भाच्याचा वाडीहून फोन आला. रस्ता रुंद होतोय. शिवेवरचा म्हसोबा रस्त्यात जातो, म्हणून त्याला हलवून पलीकडे छान देऊळ बांधायचं ठरलंय, टाइल्स लावून, आत लाइट घालून. चैत्रातल्या यात्रेला उद्घाटन. भाचा अगदी आनंदाने सांगत होता. बाईंनी त्याला एकच विचारलं, “आणि खडे?” त्याला काही कळलं नाही. “कसले खडे, आत्या?”

चारच दिवसांत बाई निघाल्या. बॅग तर भरलेलीच होती. मुलगा म्हणाला, तिकीट परतीचं काढू. बाई म्हणाल्या, “आधी खडा उचलू दे. मग बघू.” त्याने समजावलं, की सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर हा परवाना जातो, मग सगळं पहिल्यापासून, आणि तुमचे गुडघे हे असे. बाई हो हो म्हणाल्या. नातीच्या केसांना तेल लावून दिलं. नात जर्मनमध्ये रडली, बाईंनी मराठीत समजूत घातली, दोघींना एकमेकींचं सगळं कळलं.

विमानतळावर मीच सोडायला जाणार होते, म्हणून गाडी माझी होती. वस्तीबाहेर आलो तशा बाई म्हणाल्या, “थांब.” उतरल्या, गुडघ्यांवर हात देत देत त्या दगडापाशी गेल्या. आक्का आधीच तिथे येऊन उभी होती. बाईंनी वाकून पायाखालचा एक खडा उचलला, पांढरा, चुनखडीचा, त्या पठारावर दुसरं काय मिळणार, आणि दगडाच्या पाठीमागे ठेवला. आक्काला हे सगळं केव्हाचं माहीत असावं, कारण तिने काही विचारलं नाही. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. आक्का म्हणाली, “थंडी आहे. जा.” आणि वळून घराकडे चालायला लागली. मी गाडीत बसून राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि बाईंना रडणारी ड्रायव्हर चालली नसती.

त्या पोचल्या तेव्हा म्हसोबा हलला होता. जुन्या जागी खडीचा ढीग होता, रोलर फिरत होता. बोरीचं झाड गेलं होतं. बाई त्या उन्हात, रस्त्याच्या कामावरच्या लोकांना बाजूला व्हायला सांगून, दिवसभर खडीत खडा शोधत होत्या. भाच्याने छत्री धरली. कामावरच्या बायकांनीही शोधला, बिचाऱ्यांनी. तांबूस खडे खूप सापडले, पांढऱ्या रेघेचेही सापडले. “पण माझा नव्हता गं,” फोनवर बाई म्हणाल्या. “कळतं ना आपल्याला.” नवीन देवळात म्हसोबाच्या मागे गुळगुळीत भिंत आहे. तिथे काही ठेवायला जागाच नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “बाई, पण आता तुम्ही स्वतःच परत आलात ना? मग खडा कशाला हवा?” “उचलल्याशिवाय आल्यासारखं वाटत नाही,” म्हणाल्या.

त्यानंतरचे त्यांचे फोन गमतीचे असायचे. पहिला प्रश्न, “वाडीचं हवामान काय म्हणतंय?” वाडी म्हणजे आता इथली. तळ्यात पाणी किती, मसूर काढला का, मेंढ्या खाली उतरल्या का, आक्काचा खोकला कसाय. तिकडच्या वाडीतल्या पोरांना त्यांनी ओसरीवर जमवून या दहा-बारा घरांचा धडा शिकवायला घेतला होता. भाचा सांगत होता, पोरं घडाघडा म्हणतात, नदी नाही, चुनखडीची जमीन, मुख्य पीक मसूर. गावचे लोक विचारतात, बाई, आता कायमच्या आलात ना? बाई विषय बदलतात.

सहा महिने उलटून गेले. मुलगा म्हणतो, परत कागद करू. बाई म्हणतात, करू, आधी पाऊस पडू दे. पाऊस काही त्यांच्याकडे पडलेला नाही.

परवा मी वर गेले होते, कोट घालून. वस्तीबाहेरच गाडी थांबवली. दगड लांबूनच पेटल्यासारखा केशरी दिसत होता, ताजा रंग होता. मागे जाऊन पाहिलं. खडा होता. पांढराफेक. रंग लावताना कुणीतरी त्याच्या भोवतीने इतकं जपून कुंचला फिरवला होता, की त्याच्यावर एक ठिपकाही पडला नव्हता.

मी तिथूनच बाईंना फोन लावला. “बाई, मी शिवेवर उभी आहे.”

“आहे?”

“आहे.”

मग बाई म्हणाल्या, “इथे सगळे विचारतात, कायमच्या आलात ना म्हणून. काय सांगू गं मी त्यांना? माझा खडा तिकडे आहे.”

तेवढ्यात आक्का आली. गाडी बघून आली असणार. हातावर केशरी डाग होते. मी फोन तिच्या कानाला लावला. दोघी बोलल्या, एक आपल्या गावरान श्वेबिशमध्ये, एक तीन-तीन शब्दांत. आक्काने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा दगडाकडे. मग फोन मला परत दिला. मी विचारलं, काय म्हणाल्या बाई? आक्काने रुमालाची गाठ घट्ट केली.

“तिला तुमच्या भाषेत नीट सांग, यायला उशीर झाला तरी चालेल, पण मी आहे तोवर हा खडा इथून कुणी हलवणार नाही.”

एवढं लांब वाक्य आक्काच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.